चीर जाग्रत्त

आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन हैदराबादला करायचं ठरलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना तिच्या डोळ्याची काळजी होती. मला तिच्या पायांची होती. डोळ्याचं बघायला डॉक्टर होते. वाटेतल्या सरकत्या जिन्यांचं कोण बघणार? सोबत जाणारी मीच. बाई ऐंशीला टेकलेली, एका डोळ्यावर पूर्ण पडदा, दुसऱ्यावर अर्धा, आणि पायाखाली वर पळणारी पायरी. मला रात्रीची झोप लागेना.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेला मंडलात. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. गावात जिने मोजकेच, आणि जे आहेत ते सागवानी. चढताना कुरकुरतात, पण जागचे हलत नाहीत. आत्याने पाहिलेला सगळ्यात मोठा जिना म्हणजे कुंतालाच्या धबधब्याच्या पायऱ्या. त्या उतरताना सगळे हसत असतात आणि चढताना कुणी कुणाशी बोलत नाही. खरं तर सरकता जिना तिथे हवा, पण तो विषय वेगळा.

जाण्याच्या आदल्या दिवशी मी अंगणात तालीम घ्यायची ठरवली. गोणपाट अंथरलं, शेजारच्या पोराला ते हळूहळू ओढायला लावलं आणि त्यावर पाय कसा टाकायचा ते आत्याला करून दाखवलं. पहिल्याच प्रयत्नात मी तुळशीवृंदावनाला मिठी मारली.

ओसरीवर बसून आत्या शांतपणे बघत होती. "काय करून रायली व तू?"

मी सगळं समजावून सांगितलं. पायऱ्या चालत असतात, आपण उभं राहायचं, पाय टाकायची वेळ साधायची.

"म्हंजे चालत्या बंडीत बसनं," आत्या म्हणाली. "आदी तिच्यासंगं चालाचं, मंग दांडी धराची, मंग पाय टाकाचा. बैल थांबवून कोनी बसते काय?"

मी जी माहिती अर्धा तास भाषण करून देत होते, ती तिने तीन वाक्यांत मला परत दिली. तेव्हा राग आला. नंतर त्या यंत्राबद्दल वाचलं आणि राग गेला, कारण ती शब्दशः बरोबर होती. सरकत्या जिन्याची प्रत्येक पायरी ही खरोखरच एक छोटी गाडी असते, चार चाकांची. पुढची दोन चाकं एका रुळावर, मागची दोन दुसऱ्या रुळावर, आणि दोन रुळांमधलं अंतर अशा बेताने कमीजास्त केलेलं की चढावरही पायरीचा माथा आडवाच राहतो. टोकाला पोचल्यावर या गाड्या सपाट होतात, जमिनीखाली वळतात आणि उलट्या लटकत परत खाली येतात, रहाटाच्या गाडग्यांसारख्या. वेग म्हणाल तर साधारण सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे तासाला दोन किलोमीटरसुद्धा नाही. आमचे बैल शेतातून घरी येताना याहून भरभर चालतात. घराकडे तोंड असलं की जास्तच.

रात्रीच्या कृष्णा एक्सप्रेसने निघालो, पहाटे सिकंदराबादला उतरलो आणि मेट्रो धरली. हैदराबादची मेट्रो सुरू झाली २०१७ च्या नोव्हेंबरात. आत्या तिच्यात पहिल्यांदाच बसत होती. अमीरपेटला गाडी बदलायची होती. तिथे एका मार्गाच्या फलाटावरून दुसऱ्याच्या फलाटावर जायला मजला बदलावा लागतो, आणि सकाळच्या गर्दीत सगळं शहर एकाच जिन्याकडे धावत असतं. जिन्याच्या तोंडाशी आम्ही दोघी. माझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आत्याचा दंड. आधी तिला चढवू की आधी आपण चढू, अशा विचारात मी पायऱ्या मोजत राहिले. एक गेली, दुसरी गेली, सातवी गेली. मागचे लोक सुस्कारे टाकू लागले.

तेवढ्यात गणवेशातली सुरक्षारक्षक मुलगी ओरडली, "अम्मा, चीर! चीर जाग्रत्त!"

तेलुगू मला चांगलं येतं. पण घाबरलेलं माणूस मातृभाषेतच घाबरतं. चीर म्हटल्यावर मी खाली वाकून फरशीला भेग कुठे पडली ते शोधू लागले. आणि भेग होतीच! पायरीची कड आणि बाजूचा स्टीलचा पत्रा यांच्यामध्ये, काळ्या दोऱ्याएवढी. मुलीने पुढे होऊन माझ्या निऱ्या वर ओढल्या तेव्हा डोक्यात उजेड पडला: तेलुगूत चीर म्हणजे साडी, जाग्रत्त म्हणजे जपून. मुलगी तिच्या भाषेत जी साडी जपायला सांगत होती, ती साडी माझ्या भाषेतल्या त्याच नावाच्या फटीत शिरायला निघाली होती. एकाच शब्दात धोका आणि धोक्यात सापडणारी, दोघी. दोन भाषांच्या शिवेवर राहण्याचा एवढा रोकडा फायदा मला आयुष्यात दुसरा झालेला नाही.

ही फट म्हणजे त्या यंत्राची दुखरी जागा. पायऱ्या चालायच्या म्हणजे बाजूला थोडी मोकळीक ठेवावीच लागते. ती एका बाजूला चार मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असा दंडक आहे. चार मिलिमीटरमध्ये माणूस जात नाही. पण साडीचा काठ जातो, ओढणी जाते, बुटाची सुटलेली नाडी जाते, आणि मऊ रबराची चप्पल पत्र्याला घासत राहिली तर तापून, ओढली जाऊन तीही जाते. लहान मुलं कडेला पाय घासत उभी राहतात, त्यांचं म्हणूनच जास्त भय. जिन्याच्या दोन्ही बाजूंना पायांजवळ काळ्या केसांचा लांबलचक ब्रश असतो ना, तो यासाठी. पाय तिकडे जाऊ लागला की त्याला गुदगुल्या होतात आणि तो आपसूक मागे येतो. आपल्याकडे बरीच माणसं त्यावर बूट पुसतात. मीही त्याला बुटांची सोय समजत होते आणि फुकट मिळते म्हणून मनातल्या मनात आभारही मानत होते. दिल्लीच्या मेट्रोने तर आपल्या जिन्यांना खास साडीसाठी म्हणून आडोसे बसवून घेतले. ज्यांनी यंत्र शोधलं त्यांच्या बायका झगे घालत. आपली पाच वार सुती त्यांच्या हिशोबात कुठून असणार?

इथे आत्याची गोष्ट निराळी. ती नऊवारीवाली. कासोटा मागे खोचलेला, पोटऱ्या मोकळ्या, लोंबणारं काही नाही. मुलीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीच सांगितलं नाही. आत्याने दोन पावलं जिन्याच्या चालीने टाकली, काळी पट्टी धरली, पाय टाकला आणि निघाली वर. मी खालीच.

बघता बघता ती माझ्यापासून दहा पायऱ्या उंच गेली. एकदाही मागे वळली नाही. जिन्यावर वळू नये हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण बंडीत बसल्यावर गावाकडे बघत राहिलं की पडायला होतं, हे तिला ठाऊक होतं.

मी धावत साध्या जिन्याने वर गेले. ती वरच्या टोकाला माझी वाट बघत उभी होती, आणि तीही बाजूला सरून, मागच्यांना वाट देऊन. हे मात्र शिकलेल्या माणसांना जमत नाही. जिना संपला की ती तिथेच थांबून मोबाइल काढतात आणि 'आलो' म्हणून कळवतात. मागून येणाऱ्यांना थांबायची सोय नसते, कारण त्यांच्या पायाखालचं थांबत नाही.

"ते दांडी पुढं पुढं पळते," आत्याने तक्रार केली. तीही खरी. हाताच्या पट्टीला पायऱ्यांपेक्षा दोन टक्क्यांपर्यंत जास्त वेगाने जायची मुभा आहे, मागे पडायची मात्र नाही. हात मागे राहिला तर माणूस उताणं पडेल. पुढे गेला तर फार तर थोडं वाकेल. यंत्र करणाऱ्यांनी वाकणं पसंत केलं.

सरकत्या जिन्याला घाबरणारी मी काही पहिली नव्हते. लंडनच्या हॅरॉड्स दुकानात १८९८ साली असला सरकता रस्ता बसवला, तेव्हा वर पोचलेल्या घाबऱ्याघुबऱ्या गिऱ्हाइकांना शुद्धीवर आणायला ब्रँडी देत असत. त्याआधी दोन वर्षं अमेरिकेत जेसी रेनो नावाच्या इंजिनिअरने कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी आपला चढता पट्टा लावला होता. लोक हौसेने त्यावरून जायचे, आपण केसलापूरला नागोबाच्या जत्रेत पाळण्यात बसतो तसे. म्हणजे ही वस्तू आधी खेळणं होती, मग दुकानात गेली आणि सगळ्यात शेवटी गरज झाली. आत्याला मी ब्रँडीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आपल्याले चहा चालते." मग चहा घेतला.

दवाखान्यात नंबर लागायला चार तास होते. समोरच्या फॉर्मवर राज्य, जिल्हा, मंडल लिहायचं होतं. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की आत्याचा जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानात झाला. ती दहाएक वर्षांची होती तेव्हा, १९५६ मध्ये, आंध्र प्रदेश आला; तेव्हाच किनवट आणि राजुरा हे तालुके आमच्या जिल्ह्यातून उठून तिकडे मुंबई राज्यात गेले आणि तिची किनवटची मावशी बसल्या जागी परराज्यातली झाली. २०१४ मध्ये तेलंगण आलं. २०१६ मध्ये जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. बाईने गाव सोडलं नाही, घर बदललं नाही, ओसरीसुद्धा तीच. पायाखालची पायरी तेवढी दर वेळी पुढे सरकली आणि ती दांडी धरून उभी राहिली. अमीरपेटला मी तिला काय शिकवायला निघाले होते?

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली, काळा चष्मा आला. गाडीला वेळ होता म्हणून एका मोठ्या दुकानात गेलो. तिथला सरकता जिना बंद होता. म्हटलं बरं झालं, आज माझी पाळी. ऐटीत पाय टाकला आणि सपाट, मेलेल्या पायरीवर अशी काही झोकांडी गेली की समोरच्या गृहस्थांनी हात पुढे केला. डोळ्यांना दिसतंय जिना बंद आहे, बुद्धीला माहीत आहे, तरी अंग पुढे झुकतंच. पायांनी आपल्या मनाने ठरवलेलं असतं की हे चालणार. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये याचाच प्रयोग केला: माणसांना आधी चालत्या फळीवर चढवलं, मग ती फळी बंद करून, बंद केल्याचं सांगून पुन्हा चढवलं. तरी माणसं झोकांडलीच. पाय ऐकत नाहीत, असा त्याचा अर्थ.

आत्या त्याच पायऱ्या एक-एक करून चढून आली. धापा टाकत म्हणाली, "उंच हाय व." असणारच. सरकत्या जिन्याची पायरी वीस-बावीस सेंटिमीटर उंच, घरच्या जिन्यापेक्षा चढी, आणि टोकाजवळच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्याही नसतात. तो चालण्यासाठी केलेला असतो, चढण्यासाठी नाही. "बैल सोडलेल्या बंडीत कोनी गावाले निघते काय?" तिने विचारलं. नव्या डोळ्याने तिला माझा लाल झालेला चेहरा जरा जास्तच स्पष्ट दिसत असावा.

परतीला बेल्याला बसमधून उतरलो तर माझा चुलतभाऊ नवी मोटारसायकल घेऊन हजर. आधी आत्याला घरी सोडणार, मग मला न्यायला येणार. आत्या गाडीभोवती फिरली. चष्मा कपाळावर सरकवून मागच्या चाकाकडे बघत उभी राहिली.

"याले जाळी नाई?"

नव्हती. दुचाकीच्या मागच्या चाकाला, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून आडोसा असावा असा १९८९ च्या मोटार नियमांत चक्क नियम आहे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. भाऊ हसत म्हणाला, "काढून टाकली. नव्या गाडीले ते शोभत नाई."

आत्या माझ्याकडे वळली. माझ्या पदराकडे, मग निऱ्यांकडे, मग चाकाच्या आऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "चीर." कुठल्या भाषेत म्हणाली ते मी विचारलं नाही.

मग तिने कासोटा घट्ट केला, भावाच्या खांद्यावर हात टाकला, पुरुषासारखे दोन्हीकडे पाय टाकून गाडीवर बसली आणि मला म्हणाली, "तू ये पायी."