संचार भवनातील दूरदृष्टीस गोंदियाचा दंडवत

प्रति,
वायरलेस नियोजन व समन्वय शाखा,
संचार भवन, नवी दिल्ली.

विषय : देशाच्या लहरी जपून ठेवल्याबद्दल आभार.

महोदय,

सर्वप्रथम आपले अभिनंदन. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे मोबाइलच्या लहरींमधला दूर पोहोचणारा, झाडोऱ्यातून आणि भिंतींतून त्यातल्या त्यात सहज जाणारा पट्टा. तो वापरून कोणी झिजवू नये याची सरकारने चोख काळजी घेतली. २०१६च्या लिलावात त्याची राखीव किंमत होती मेगाहर्ट्झमागे ११,४८५ कोटी रुपये. लिलावातल्या ३५ मेगाहर्ट्झचे मिळून चार लाख कोटींच्या वर. एकही बोली आली नाही. मार्च २०२१मध्ये भाव ६,५६८ कोटींवर उतरला, तरी कोणी फिरकले नाही. २०२२मध्ये तो ३,९२७ कोटी झाला, म्हणजे पहिल्या भावाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर आला, तेव्हा एका कंपनीने १० मेगाहर्ट्झ उचलले. मधल्या सहा वर्षांत तिजोरीत काही आले नाही आणि गोंदिया जिल्ह्याच्या आकाशातही काही आले नाही. लहरी तेवढ्या ताज्या राहिल्या.

किंमत आम्ही ठरवत नाही, ती दूरसंचार नियामक ट्राय सुचवते आणि सरकार ठरवते, असे आपण म्हणाल. ते खरेच आहे, आणि दुखणेही तेच आहे. लहरींचा नकाशा एकाच्या टेबलावर, तराजू दुसऱ्याच्या. कोणती लहर कशासाठी, हे राष्ट्रीय वारंवारता वाटप आराखडा सांगतो. ती कोणत्या गावात आणि कधीपर्यंत पोहोचायची, हे तो सांगत नाही. लहर ही खाणीतल्या कोळशासारखी नाही, की आज नाही काढला तर उद्या निघेल. रोवणीविना गेलेला पावसाळा धानाच्या बांधीला परत मिळत नाही, तसे न वापरलेले वर्ष लहरीला परत मिळत नाही. दीर्घकालीन नियोजन म्हणायचे तर या वाया गेलेल्या वर्षांची किंमत आधी मांडायला हवी. ती कोणत्याच लिलावाच्या हिशेबात दिसत नाही.

विक्रीचे माप पाहून तर आम्ही थक्क झालो. लहरी दूरसंचार सर्कलनुसार विकल्या जातात. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई नाही, पण गोवा आहे. (पणजीच्या शेजारी नोंद झाल्याचा गोंदियाला अभिमानच आहे.) पुण्याच्या पेठा आणि दरेकसाचे जंगल एकाच गाठोड्यात विकले जातात, घेणारा साहजिकच पैसे पेठांकडे पाहून मोजतो. पूर्वीच्या मोबाइल परवान्यांची अट आठवून पाहा : पहिल्या वर्षी दहा टक्के आणि तीन वर्षांत पन्नास टक्के जिल्हा मुख्यालयांत सेवा पोहोचवायची. मुख्यालय नको असेल तर त्याऐवजी जिल्ह्यातले दुसरे कोणतेही शहर, आणि निवड कंपनीची. शहराच्या हद्दीतले नव्वद टक्के क्षेत्र व्यापले की काम फत्ते. म्हणजे गोंदिया नगरपरिषदेच्या हद्दीत रेंज आली की अख्खा जिल्हा कागदावर व्यापला. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव ही नावे त्या कागदावर यायचे कारणच नव्हते. नंतर अटीत गट मुख्यालयेही आली, पण हिशेब टक्क्यांचाच राहिला. आणि टक्केवारीत पहिला बळी नेहमी शेवटच्या गावाचा जातो.

भाव उतरवला तर टू-जी परवाना प्रकरणाची पुनरावृत्ती होईल, हा आक्षेप हलका नाही. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, पण ते वाटपाची पद्धत मनमानी होती म्हणून. लहरी स्वस्त असणेच बेकायदा आहे, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. लिलाव खुशाल ठेवा. फक्त किमतीचा काही भाग रोखीऐवजी गावांच्या रूपाने घ्या. जर्मनीने २०१०मध्ये ८०० मेगाहर्ट्झ विकताना हेच केले : आधी यादीतली, सेवेविना राहिलेली लहान गावे, मग मोठी शहरे. लिलावही झाला आणि खेडीही जोडली गेली.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. लहर असून काय उपयोग? टॉवरला वीज हवी, मागे फायबर केबल हवी, आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास वनखात्याची परवानगीही हवी. मान्य. पण टॉवर उभा करणे जिथे इतके अवघड, तिथेच कमी टॉवरांत जास्त मुलूख व्यापणारी लहर सर्वात आधी द्यायला नको का? सरकारने नेमकी तीच सर्वात महाग करून ठेवली होती.

त्यावर आपण योजनेकडे बोट दाखवाल. जुलै २०२२मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या २४,६८० वंचित गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी मंजूर केले आणि काम बीएसएनएलवर सोपवले. चांगलेच झाले. मात्र ज्या निधीतून हा खर्च व्हायचा, तो कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतून, म्हणजे शेवटी ग्राहकाच्या बिलातून भरतो. विकताना गावांची अट नाही, आणि मग गावांसाठी निराळी वर्गणी. तोवर रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र आणि ई-पीक पाहणीचे ॲप नेटवर्क मागतच राहतात. ही दोन्ही सरकारनेच लावली आहेत.

२०२३च्या दूरसंचार कायद्याने न वापरलेल्या लहरी परत घेण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. तो सर्कलच्या मापाने वापरलात तर कधीच लागू होणार नाही, कारण सर्कलमध्ये कुठेतरी लहर वापरात असतेच. तालुक्याचे माप लावा. ज्या तालुक्यात कंपनी लहर वापरत नाही, तिथे ती दुसऱ्याला भाड्याने देण्याची सक्ती करा. आणि पुढच्या लिलावाच्या सूचनेला गावांची यादी जोडा, टक्के नकोत, नावे हवीत. देवरी आणि सालेकसा तालुक्यांची पाने त्यात पहिली लावलीत, तर आभाराचे पुढचे पत्र आम्ही उपरोधाशिवाय लिहू.

कळावे,
महाराष्ट्र सर्कलच्या पूर्व टोकाचा एक ग्राहक