निमित्ताला टेकलेले

मुंबईत अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न 'कसे आहात?' हा नसून 'कुठे उतरणार?' हा असावा. विचारणाऱ्याला तुमच्या मुक्कामाशी काही देणंघेणं नसतं. तुमच्या बुडाखालच्या जागेशी असतं. संध्याकाळी सीएसएमटीहून निघालेल्या गाडीत तुम्ही 'घाटकोपर' म्हणालात की त्याच्या चेहऱ्यावर माया दाटून येते, 'कल्याण' म्हणालात की तो पुढच्या बाकाकडे वळतो. पण हा प्रश्न हलका मानू नये. दिवसभरात आपल्याला कोणीतरी काहीतरी विचारलं, एवढ्या भांडवलावर या शहरातली बरीच माणसं रात्री शांत झोपतात.

एकटेपणासाठी ब्रिटनने २०१८ साली मंत्री नेमला, २०२१मध्ये जपाननेही नेमला. आपल्याकडे असं खातं निघालं तर अर्ज तीन प्रतींत मागतील, झेरॉक्सला पाठवतील, मग खिडकीसमोर रांग लागेल. त्या रांगेत 'साहेब जेवायला गेलेत का हो?' इथून सुरुवात होऊन तासाभरात मागच्यापुढच्यांची गावं, गुडघेदुखी आणि जावई यांची देवाणघेवाण होईल. खिडकी उघडेपर्यंत निम्म्या अर्जदारांचं काम झालेलं असेल.

माझं म्हणणं इतकंच की मुंबईकराला माणसांची कमतरता नाही, निमित्ताची आहे. तो बोलायला तयारच असतो, पण आपण होऊन तोंड उघडणं त्याला भोचकपणाचं वाटतं. त्याला बोलतं करायचं असेल तर गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये वीस मिनिटं थांबवावी. पाचव्या मिनिटाला कोणीतरी 'सिग्नल फेल असणार' म्हणतो, दहाव्या मिनिटाला बिस्किटाचा पुडा फिरतो आणि गाडी हलली की सगळे पुन्हा मोबाइलमध्ये मान घालून परके होतात. २६ जुलै २००५च्या त्या पावसाने फार माणसं नेली, त्याचं कौतुक कोणी करू नये. पण ज्यांच्या दिवाणखान्यात त्या रात्री भिजून पाठ टेकली, त्यांचं नाव विचारायचं राहिलं, असं सांगणारे लोक अजूनही भेटतात.

गाडीतले ग्रुप हे मात्र वेगळं प्रकरण. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला दरवाजा. मांडीवर बॅग आडवी टाकून पत्ते पिसले जातात, कुठे टाळ वाजवत भजनी मंडळ उभं असतं. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकता यावं म्हणून तिघेही न सांगता पोटं आत घेतात; याहून सभ्य सामाजिक करार मी पाहिलेला नाही. बायकांच्या डब्यात मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, संक्रांतीनंतर हळदीकुंकू होतं, आणि एखादी दिवस गेलेली दिसली की खिडकीला फुलं लावून डोहाळजेवणसुद्धा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं चढतात, पूजा होते, पेढे वाटले जातात. या मंडळींना एकमेकांच्या मुलांचे बारावीचे मार्क पाठ असतात, आडनावं माहीत असतीलच असं नाही. कोणी निवृत्त झालं की डब्यात हार घालून निरोप देतात. मग तो माणूस घरी बसतो आणि सकाळी ठरलेल्या वेळी उगीचच बूट पुसतो.

गिरणगावाच्या काळात एकटं राहायला जागाच नव्हती. कोकणातून आलेला माणूस गावकऱ्यांच्या खोलीत उतरे. पाळीवरून एकजण आला की दुसरा निघे आणि वळकटीच्या जागेची ऊब तशीच राही. जेवण खानावळीत. कोणी दोन घास कमी खाल्ले तर खानावळवाल्या मावशीच्या आधी लक्षात येई. धोबीतलाव, माझगावकडे गोव्याच्या गावागावांच्या कुडी होत्या. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत माणूस तिथे राही आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर रोझरीला बसे. त्या खोल्यांचे गोडवे आज आपण गातो. तिथे राहिलेल्यांना विचारलंत तर ते सांगतील, आयुष्यात एकदा तरी पाय पसरून एकटं झोपायला मिळावं, एवढंच मागणं होतं. नातवाला ते मिळालं. आता तो छताकडे बघत पडतो.

निमित्तं हळूहळू गेली. दूध दाराशी पिशवीत येतं, आणणारा दिसत नाही. वाण्याकडे सुट्ट्यांवरून जी हुज्जत व्हायची, तिच्यातून भाव, पाऊस, वाण्याच्या मुलाचं लग्न असे विषय निघायचे. आता कोड स्कॅन केला की गल्ल्यावरची पेटी खणखणीत आवाजात पैसे मिळाल्याचं जाहीर करते. काही दिवशी माझ्याशी बोललेली ती एकटीच असते, आणि तीही हिंदीत.

म्हणून लोक नवी निमित्तं काढतात. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ला अंधेरीतल्या एका बागेत पाच माणसांचा हास्यक्लब सुरू केला. रोज एकाने विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. काही दिवसांतच चांगले विनोद संपले. कोणत्याही शहाण्या माणसाने तिथे क्लब बंद केला असता. यांनी विनोदच काढून टाकले आणि नुसतं हसायला सुरुवात केली. पुढे हा प्रकार जगभर गेला. हात वर करून 'हो हो हा हा' करणाऱ्यांची मीही पूर्वी टिंगल केली आहे. पण आमच्या बागेतल्या क्लबाचं खरं काम हसणं संपल्यावर टपरीवर चालतं. तिथे कोणी हसत नाही. साखर, सुना आणि पुनर्विकास यांवर गंभीर चर्चा होते आणि पैसे कोणी द्यायचे यावर रोज भांडण होतं.

आमच्या इमारतीची लिफ्ट मागे आठवडाभर बंद होती. लिफ्टमध्ये आम्ही सगळे आकड्यांकडे बघत उभे असतो. जिन्यात ते जमत नाही. तिसऱ्या मजल्यावर धापा टाकताना माणसाला तोरा राखता येत नाही. त्या आठवड्यात मला कळलं की सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ बासरी वाजवतात. पाचव्या मजल्यावरच्या ताईंना ते कधीपासून माहीत होतं आणि फारसं आवडत नव्हतं. मी सेक्रेटरींना अर्ज दिला: देखभालीच्या नावाखाली महिन्यातून एक दिवस लिफ्ट बंद ठेवावी. त्यांनी तो वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घातला, बहुधा माझी शोभा व्हावी म्हणून.

सभेला नेहमीप्रमाणे गणपूर्ती झाली नाही. नियमाप्रमाणे सभा अर्ध्या तासासाठी तहकूब झाली. आलेले आम्ही अकराजण प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढून बसलो. ताईंनी बासरीचा विषय काढला, गृहस्थांनी तो खिलाडूपणे घेतला आणि रियाझाची वेळ बदलून देतो म्हणाले, कोणीतरी खाली जाऊन वडापाव आणले. अर्धा तास संपल्यावर सेक्रेटरी घड्याळ दाखवत उभे राहिले, तेव्हा तळमजल्यावरच्या आजोबांनी सभा आणखी अर्धा तास तहकूब करण्याचा ठराव मांडला. ताईंनी अनुमोदन दिलं. सेक्रेटरी म्हणाले, उपविधीत दुसऱ्या तहकुबीची सोय नाही.