ऐंशी रुपयांचे त्रैराशिक

कारखाना कायदा 1948 सालचा. त्याचे कलम 59 म्हणत असे, दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांपुढे राबवलेत, तर जादा तासांना दुप्पट दर द्या. दहाव्या तासाला पाय भरून येतात, हे कायदा करणाऱ्यांना कुणी सांगितले कोण जाणे.

गुजरात सरकारने 17 एप्रिल 2020 ला ही किचकट भानगड मिटवली. पाळी 12 तासांपर्यंत, दुप्पट दराला सुट्टी. शिवाय अधिसूचनेत सोडवलेले उदाहरणही दिले: 8 तासांची मजुरी 80 रुपये, तर 12 तासांची 120. पाचवीच्या गुरुजींनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. तेव्हाच्या कायद्याने उत्तर येत होते 150. पहिल्या 9 तासांचे 90, पुढच्या 3 तासांचे 60. त्रैराशिकात 30 रुपये गळाले, तेही माणशी आणि रोज. हातचा कुणाच्या हातात राहिला, हे विचारू नये.

आधार होता ‘सार्वजनिक आणीबाणी’चा. कायद्यात तिचा अर्थ युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका. म्हणजे गिरणीतल्या माणसाचे 30 रुपये वाचले की सीमा सुरक्षित!

सर्वोच्च न्यायालयाला हे गणित पटले नाही. 1 ऑक्टोबर 2020 ला अधिसूचना रद्द झाली, जादा तासांचे पैसे चुकते करण्याचा आदेशही निघाला. आता कामगाराने फक्त तास सिद्ध करायचे. हजेरीपट मालकाच्या कपाटात आहेच.