माफी मागाल तर खबरदार!

सुरतेच्या महिधरपुऱ्यात लाखोंचे हिरे कागदाच्या पुडीत, जांगडाच्या चिठ्ठीवर या खिशातून त्या खिशात जातात. त्याच सुरतेत, लिंबायतच्या दहा बाय बाराच्या खोलीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या भाच्याकडे न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाने दहा लाख डॉलरच्या प्रोफेशनल इन्डेम्निटी विम्याचा दाखला मागितला. लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि हप्त्यावरची दुचाकी विकली तरी भाच्याकडून त्या रकमेवरचं एक शून्यही भरून निघायचं नाही. पण करारात स्पष्ट लिहिलंय: नुकसान झालं तर भरपाई भाच्याने द्यायची. कंपनी त्यांची, वकील त्यांचे, नफा त्यांचा. जोखीम तेवढी लिंबायतची.

विम्याचा अर्ज आला. त्यात प्रश्न : ‘आपल्या कामातून पुढे दावा उद्भवेल अशी एखादी बाब आपणास ठाऊक आहे काय?’ हे प्रोग्रामरला विचारायचं! ‘हो’ लिहिलं तर ती बाब विम्यातून बाद. ‘नाही’ लिहिलं तर माहिती दडवली म्हणून दावाच बाद.

पॉलिसी ‘क्लेम्स मेड’. चूक ठरलेल्या तारखेनंतरची हवी आणि दावाही पॉलिसी चालू असतानाच यायला हवा. म्हणजे भाच्याने उद्या धंदा बंद करून लोचो या सुरती खाण्याची गाडी टाकली, तरी जुन्या कोडपायी हप्ते चालूच. अमेरिकेतले खटले विम्यात हवे असतील तर वर पैसे मोजा. नुकसानीचा पहिला घास तुमचा, त्यापुढचं कंपनी बघेल. हप्त्यावर 18 टक्के जीएसटी आहेच. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त झाला. थोडक्यात, आजारी पडा, मरा, सरकारला काही नको. चुकलात तर मात्र 18 टक्के.

सगळ्यात कडक अट पुढे आहे. विमा कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही. भाच्याच्या दिवसाची सुरुवातच ‘सॉरी सर, बग सापडला’ने होते. आता बग सापडला तरी त्याने म्हणायचं : ‘सर, यावर मी भाष्य करू इच्छित नाही.’ मंत्र्यांना हे जन्मजात जमतं, तेही बिनहप्त्याचं.

एवढं करून भाच्याचं खरं दुखणं बाहेरच राहिलं. रिंग रोडवरच्या कापडबाजारातले शेठ त्याचं सॉफ्टवेअर वापरतात. बिल दाखवलं की ‘पछी जोईशुं’, म्हणजे नंतर बघू. 2023 च्या वित्त कायद्याने म्हटलं, छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्या, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, नाहीतर त्या वर्षी तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा होणार नाही. त्यावर इथल्या बाजारात अशी ओरड झाली, जणू कुणी उधारीवरच बंदी घातली.

भाच्याने एजंटला विचारलं, “गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर त्याचा विमा नाही का?”

एजंट हसला. “अहो भाऊ, विमा घडेल की नाही याची खात्री नसलेल्या गोष्टीचा असतो.”