हार घातलात, आता पुस्तक उघडा

25 नोव्हेंबरला सकाळी कराडच्या प्रीतिसंगमावर पाय ठेवायला जागा नसते. यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी. ताफे येतात, समाधीवर फुलं पडतात, कॅमेऱ्यांपुढं चार वाक्यं होतात, ताफे निघतात. एप्रिल 2013 मध्ये अजित पवारांनी दिवसभराचा आत्मक्लेश केला तो इथंच. जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष फुटला आणि दुसऱ्या दिवशी शरद पवार आले तेही इथंच. राजकारणातल्या माणसाला अडचणीत ही जागा आठवते, यात मला काही वावगं वाटत नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ही एका लेखकाची समाधी आहे, हे आपण पार विसरून गेलो आहोत.

एरवीच्या दिवशी जा. कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरच्या, वेगवेगळ्या वाटांनी येऊन इथं समोरासमोर भेटतात. घाट आहे, बाग आहे, झाडांची दाट सावली आहे. पोरं भेळ खातात, म्हातारी माणसं पाय मोकळे करतात, कॉलेजातली मुलं मोबाइलवर फोटो काढतात. त्यातल्या दोघा-तिघांना मी विचारलं, ‘कृष्णाकाठ’ वाचलंय का? नदीच्या काठाबद्दल विचारतोय असं वाटून त्यांनी घाटाकडं बोट दाखवलं. चूक त्यांची नाही. नदी दिसते. पुस्तक त्यांच्या हाती कुणी दिलंय?

‘कृष्णाकाठ’ हे यशवंतरावांचं आत्मचरित्र 1984 साली आलं आणि त्याच वर्षी ते गेले. आयुष्य तीन भागांत लिहायचं ठरवलं होतं. हा पहिला भाग 1946 पाशी थांबतो. पुढची मुंबई आणि दिल्ली कागदावर उतरलीच नाही. मुख्यमंत्रिपद, संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र, सगळं त्या न लिहिलेल्या पानांत राहिलं. आपल्या हाती उरलं ते देवराष्ट्र्याचं आजोळ, बाप लहानपणीच गेलेलं घर, अक्षर न शिकलेली पण घर पेलणारी आई विठाई, कराडची शाळा, 1932 चा अठरा महिन्यांचा तुरुंग. सत्तेत पोचण्याआधीचा माणूस उरला, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. आज आत्मचरित्र म्हणून जे छापतात त्यात पानापानावर उद्घाटनांचे फोटो असतात. इथं एक मुलगा गरिबीबद्दल लिहितो आणि तिचं भांडवल करत नाही.

देवराष्ट्रे तेव्हा साताऱ्यात होतं. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे जन्म सांगलीच्या वाट्याला, समाधी साताऱ्याच्या. दोन्ही जिल्हे त्यांना आपलं म्हणतात. म्हणा ना. पण जयंतीला गाव गाजवायचं, पुण्यतिथीला संगम गाजवायचा आणि मधले साडेआठ महिने पुस्तक कपाटात, ही वाटणी मला मान्य नाही. कराडातच वेणूताई चव्हाण स्मारकात त्यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह आहे. संगमावर येणाऱ्या ताफ्यांतल्या किती गाड्या तिकडं वळतात?

आणि याच कराडात डिसेंबर 1975 मध्ये जे घडलं त्याची आठवण समाधीवर हार घालणाऱ्या प्रत्येकाला असायला हवी. साहित्य संमेलन. अध्यक्षा दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव. देशात आणीबाणी आणि यशवंतराव त्याच सरकारात परराष्ट्रमंत्री. राजकारणी व्यासपीठावर नकोत, असा दुर्गाबाईंचा आग्रह. यशवंतराव खाली, श्रोत्यांत बसले. नुकतेच कैदेतून सुटलेले जयप्रकाश नारायण मुंबईत आजारी होते. दुर्गाबाईंनी भर मांडवात त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचं आवाहन केलं. पुढं 1976 मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली. यशवंतराव ज्या सरकारात होते त्याच सरकारनं केली, हेही लपवायचं कारण नाही. स्वागताध्यक्षाच्या मोठेपणाबरोबर मंत्र्याचं मौनही सांगितलं पाहिजे. संमेलनात खाली बसलेला आणि मंत्रिमंडळात गप्प राहिलेला माणूस एकच होता. असा अवघड माणूस फुलांखाली झाकून टाकणं सोपं, वाचणं कठीण.

राज्याचं साहित्य संस्कृती मंडळ यशवंतरावांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात 1960 साली उभं राहिलं. त्याची धुरा त्यांनी वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींकडं दिली आणि वाईतूनच मराठी विश्वकोश निघाला. संगमापासून वाई काही परदेशात नाही. पण विश्वकोशाचा खंड हातात धरून समाधीवर आलेला आमदार मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बागेच्या दारात ‘कृष्णाकाठ’ विकायला ठेवा, भेळेच्या गाडीशेजारीच ठेवा. 1975 च्या संमेलनाची हकिगत ठळक अक्षरांत एका फलकावर लिहा, दुर्गाबाईंच्या नावासकट आणि अटकेसकट. येत्या 25 नोव्हेंबरला भाषणं रद्द करा. देवराष्ट्र्याच्या शाळेतली एखादी मुलगी समाधीपाशी उभी राहून पुस्तकातली दहा पानं मोठ्यानं वाचेल. मंत्री, खासदार, आमदार खाली सतरंजीवर बसतील आणि दहाही पानं संपेपर्यंत उठणार नाहीत.