जावयाचा ओटीपी

अहो, ऐकलंत का? या जरा इकडं, कंपाउंडजवळ. हळू बोला, गुरुजी गच्चीवर मुगवड्या राखत बसलेत, त्यांना सगळं ऐकू जातं... निदान जे ऐकू जायला नको ते तरी जातंच.

त्यांचे जावई आले होते काल. हो हो, तेच, कारंज्याचे! दिवाळीनंतर इकडं फिरकलेच नव्हते ते. आणि काल गाडीवरून उतरले, तर हातात खोकं. मला वाटलं मिठाई असेल. कसली मिठाई? लॅपटॉपची बॅटरी, सासऱ्यासाठी! गुरुजींच्या बाईंचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू... मी आपली समजत होते की उपमा-बिपमा करतील, तर अर्ध्या तासात पुरणाचा वास.

तर काय सांगत होते, तो लॅपटॉप. तुम्हाला माहीतच आहे म्हणा. मुलगा इंजिनीअरिंगला लागला तेव्हा 2011 साली घेतलेला. मुलगा गेला ऑस्ट्रेलियाला, लॅपटॉप राहिला इथं. मग 2015 मध्ये शाळांचं ते 'सरल' आलं, तेव्हा गुरुजी रात्र-रात्र जागून त्याच्यावर पोरांची माहिती भरायचे. आपल्याला खिडकीतून निळा उजेड दिसायचा, आठवतं? आता त्याचं झाकण एका हातानं धरावं लागतं आणि बॅटरी तर केव्हाच मेलेली. वायर लावली तर चालू, वायर निघाली की राम म्हटला.

आणि आताच का उघडला म्हणाल, तर... तुम्हाला कळलंच असेल, सुनेला दिवस गेलेत. बाईंनी बाळंतपणाला जायचं ठरवलंय. मुंबईपलीकडं कधी गेल्या नाहीत, आता एकदम मेलबर्न! तर पासपोर्ट हवा. पासपोर्टचं खातं उघडलं की ते मेलवर लिंक पाठवतात, ती दाबली म्हणजे खातं सुरू. मेल दिला गुरुजींचा. आणि गुरुजींचा मेल उघडेना!

आता बघा गंमत. पासवर्ड काय, हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक. गुरुजींची सवय आहे ना, टाईप करताना मोठ्यानं म्हणायचं. चाळीस वर्षं श्रुतलेखन घेतलेला माणूस तो. 'बी कॅपिटल... ए... एल...' की आपण इकडं भाकरी थापता-थापता 'बालाजी 1998' पूर्ण करायचो. बालाजी आपला, देवळातला, आणि साल अकोल्यातून आपला जिल्हा वेगळा झाला ते. 1 जुलै 1998. गुरुजी त्या दिवशी पेढे वाटत होते म्हणे. शिवाय तो पासवर्ड कालनिर्णयच्या मागंही लिहिलेला, दुधाच्या हिशोबाखाली. आता बदललाय, म्हणून बोलतेय हो. नाहीतर मी अशी कुणाचं...

असो. तर गुरुजी टाकतात बालाजी 1998, आणि मशीन म्हणतं चूक. परत टाकतात, चूक. कॅपिटल बघितलं, चष्मा पुसला, चूकच. मग गुरुजी बसले विचार करत, आणि त्यांना आठवलं की दिवाळीत या लॅपटॉपला हात कोणी लावला होता? जावयांनी!

लावला होता खरा. पण कशासाठी? तर त्याची तारीख दुरुस्त करायला. त्या लॅपटॉपची तारीख मागं जाते हो. आत एक बटणाएवढा सेल असतो, मशीन बंद असतानाही तारीख-वेळ सांभाळायला. तो संपला, वरून बॅटरी मेलेली. मग लाइन गेली की लॅपटॉप सरळ 1 जानेवारी 2010 वर! आणि लाइन तर आपल्याकडं... जाऊ द्या. आता तुम्ही म्हणाल तारखेनं काय होतं? काहीच उघडत नाही ना! प्रत्येक वेबसाइटचं एक सर्टिफिकेट असतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालणारं. लॅपटॉपच्या मते अजून 2010 चालू, म्हणजे ते सर्टिफिकेट निघालेलंच नाही. मग तो कुणावर विश्वासच ठेवत नाही. स्क्रीनवर येतं, तुमचं घड्याळ मागं आहे. गुरुजींना वाटलं, हे आपल्या वयाला उद्देशून!

तर जावयांनी बिचाऱ्यांनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बसून तारीख नीट केली, पुन्हा मागं गेली तर कशी लावायची तेही गुरुजींना दाखवलं. आणि त्याचं हे बक्षीस. गुरुजींनी फोन लावला, स्पीकरवर, नेहमीसारखा. म्हणून तर मला... म्हणजे मी तुळशीला पाणी घालत होते. गुरुजी म्हणाले, 'तुम्ही माझा पासवर्ड बदललात का?' सरळ असंच, ना राम ना रहीम. तिकडं दोन क्षण आवाजच नाही. मग जावई म्हणाले, 'मी कशाला बदलू? तुमच्या मेलमध्ये माझं काय पडलंय?' आणि ठेवला फोन. बाई ओट्याजवळ उभ्या होत्या, हातातला झारा तसाच. 'अवो, जवायाले चोर ठरवलं का तुमी?' एवढंच म्हणाल्या, पण चेहरा असा पडला...

आणि ही बातमी दुसऱ्या दिवशी भजनात कशी गेली? मी नाही हो सांगितली! कोपऱ्यावरच्या ताईंनी. 'जावयानं सासऱ्याच्या मेलमधून काहीतरी काढलं' इथपर्यंत गेलं होतं प्रकरण, आरतीच्या आधी.

मग गुरुजी तो लॅपटॉप पिशवीत घालून बाजारात घेऊन गेले. दुकानाचं नाव नको. त्या मुलानं उघडूनसुद्धा बघितला नाही. 'गुरुजी, हे भंगार झालं, मदरबोर्ड गेला, नवा घ्या.' पासवर्ड चुकतो म्हणून मदरबोर्ड? गुरुजी तसेच परत. मी फाटकाशीच होते, विचारलं नाही, चेहऱ्यावरच दिसत होतं.

मग कोपऱ्यावरच्या ताईंच्या ह्यांनी शहाणपणा केला. नेटवर शोधून कुठलासा 'जीमेल कस्टमर केअर'चा नंबर आणून दिला. फोन उचलणारा इतका गोड बोलत होता, की सर, एक छोटंसं ॲप टाका, तुमची स्क्रीन मला दिसेल, मी करून देतो. नशीब, गुरुजींना तेवढं कळतं. त्यांनी त्यालाच सुनावलं, 'फुकटच्या मेलला गूगल माणूस बसवून ठेवत नाही, आणि 1930 वर तुझा नंबर देऊ का?' सायबर फसवणुकीचा तो नंबर, 1930, गुरुजी हळदीकुंकवातसुद्धा सांगत फिरतात. ओटीपी कुणाला देऊ नका, स्वतःच्या मुलालाही नको, असं भाषणच आहे त्यांचं. हे लक्षात ठेवा बरं, पुढं याच भाषणानं घात केला.

तर काय सांगत होते... हां, वकीलसाहेबांची धाकटी! अमरावतीला बीसीए करते ती. सुट्टीवर आलेली. तिला बाईंनी हाक मारली. ती आली, हातात मक्याचं कणीस, बसली. म्हणाली, 'आजोबा, पासवर्ड ठिपक्यांच्या रकान्यात नको. वरती, मेलआयडीच्या जागी टाईप करा, म्हणजे दिसेल.' गुरुजींनी टाईप केलं, मोठ्यानं म्हणत. आणि अहो, स्क्रीनवर काय? बी बरोबर, ए बरोबर, एलच्या जागी 3! पुन्हा ए, मग जेच्या जागी 1 आणि आयच्या जागी 5! गुरुजी दाबतायत अक्षर, उमटतोय आकडा. आणि एरवी सगळे ठिपकेच, कळणार कसं?

त्या लहान लॅपटॉपांना आकड्यांच्या बटणांची वेगळी जागा नसते ना. म्हणून उजव्या हाताच्या अक्षरांवरच आकडे बसवलेले असतात, कोपऱ्यात बारीक निळ्या रंगात. नम लॉक लागलं की यू, आय, ओ होतात 4, 5, 6 आणि जे, के, एल होतात 1, 2, 3. डाव्या हाताची अक्षरं मात्र शहाण्यासारखी आपल्या जागी. बालाजीची निम्मी अक्षरं उजवीकडची, म्हणून घोटाळा. लॅपटॉपवर नम लॉकचा एवढुसा दिवासुद्धा लागलेला होता, पण तो बघतो कोण? पोरीनं एफएन धरून बटण दाबलं, दिवा विझला, कणसाचा एक घास घेतला, झालं.

आणि नम लॉक लावलं कुणी? दिवाळीत नातू बसला होता त्यावर मोटारीचा गेम खेळत. जावयांचाच मुलगा! बाई लगेच म्हणाल्या, 'पाहा, म्हंजे घोळ तिकडचाच हाय.' मला तर हसू आवरेना.

पण थांबा, खरी मजा पुढंच आहे. आता पासवर्ड बरोबर गेला, पण इतक्या वेळा चुकल्यामुळं गूगलला संशय. म्हणे, तुम्हीच आहात हे पटवा, रिकव्हरी नंबरवर कोड पाठवतो. शेवटचे दोन आकडे दाखवले. गुरुजींचा नंबर नाही. बाईंचा नाही. मुलाचा नाही. बाई दोन मिनिटं त्या दोन आकड्यांकडं बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'अवो... हा तर जवायाचा नंबर.'

काय चेहरे झाले असतील, तुम्ही डोळ्यांपुढं आणा! मेल काढून दिला होता जावयांनीच, साखरपुड्यानंतर, तेव्हा गुरुजींचं सिम बंद पडलं होतं म्हणून स्वतःचा नंबर घातलेला. ज्याला चोर म्हटलं, किल्ली त्याच्याच खिशात.

आता फोन कोण करणार? गुरुजी म्हणे तू कर. बाई म्हणे मी नाही. शेवटी मुलीला केला. मुलगी म्हणाली, 'ते इथंच आहेत, तुम्हीच बोला.' आणि दिला त्यांच्या हातात! गुरुजी घसा खाकरून म्हणाले, 'जावईबापू, तुमच्याकडं एक कोड आला असेल...' आणि जावई काय म्हणाले असतील? अगदी शांतपणे हो! 'बाबा, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, तुम्हीच शिकवलंय.'

मी तर तुळशीपाशीच खाली बसले.

शेवटी दिला त्यांनी. 'जी, मग आडवी रेघ, मग लिहा...' गुरुजी आकड्यांआधी जी आणि रेघसुद्धा टाईप करत होते, वेळ चालला होता, पोरगी ओरडतेय नुसते सहा आकडे टाका म्हणून. पण उघडलं एकदाचं.

आणि उघडून बघतात तर पासपोर्टचा मेल नाहीच! कारण डबा भरलेला, 15 जीबी काठोकाठ. मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून तेवढंच फुकट असतं ना, आणि जून 2021 पासून फोनवरून चढणारे फोटोही त्यातच मोजतात. जागा संपली की मेल आत येतच नाही. आणि कशानं भरलं होतं सांगू? गुड मॉर्निंगनं! सूर्य, कमळ, गणपती, चहाचा कप, एकेका दिवसाचे पाच-पाच. बहुतेक कुणाचे, तर कोपऱ्यावरच्या ताईंचे. ज्यांनी जावयाला चोर केलं, त्यांनीच दार अडवलेलं! पोरीनं सर्चमध्ये 'लार्जर कोलन दहा एम' असं काहीतरी लिहिलं, की मोठमोठे मेल रांगेत समोर. ते उडवले, फोटो उडवले, मग कचरापेटीही रिकामी केली. ती केली नाही तर जागा सुटत नाही म्हणे. लिंक पुन्हा मागवली, आली.

जाता-जाता पोरगी गुरुजींना ओरडून गेली. या मशीनवर बँक उघडायची नाही, विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच संपलाय, क्रोमही 109 नंतर त्यावर येत नाही. गुरुजी ऐकून घेत होते, वर्गाबाहेर उभं केल्यासारखे.

आणि गुरुजींच्या दुसऱ्या एका जुन्या मेलवरचा गुप्त प्रश्नही बदलायला लावला. 'आईचं माहेरचं आडनाव.' सांगा, आपल्याकडं हे गुप्त असतं का? सोयरीक जुळवताना पहिलं तेच विचारतात! अमेरिकेत 2008 मध्ये ती सारा पेलिन, उपाध्यक्षपदाला उभी होती ती, तिचं याहूचं खातं असंच एका कॉलेजच्या पोरानं उघडलं. जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा कुठं भेटला, एवढ्या उत्तरांवर. नवरा कुठं भेटला हे तर आपण पहिल्या चहातच काढून घेतो.

आणखी एक ऐका, पोरीनंच सांगितलं. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, चिन्हं घाला, आकडे घाला, हा नियम ज्यानं 2003 मध्ये लिहिला ना, बिल बर नावाचा अमेरिकेतला सरकारी माणूस, तो 2017 मध्ये म्हणाला की मला त्याचा पस्तावा होतोय! रिटायर झाल्यावर. लोक बदलतात काय, तर शेवटचा 1 काढून 2 घालतात. आमच्या ह्यांचंही तेच. आता म्हणे चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांबलचक पासवर्ड बरा, आणि उगाच बदलत बसायचा नाही.

सेल बसवला हो, घड्याळवाल्याकडं मिळाला. बॅटरी काल जावयांनी आणली. रिकव्हरी नंबरवरून थोडं झालं. गुरुजींना मुलाचा घालायचा होता, पण बाई म्हणाल्या, तिकडं रात्र असली म्हंजे? आणि त्यांनी स्वतःचाच घातला. जावई पुरणपोळी खात होते, काही बोलले नाहीत. पण दुसरी पोळी मागून घेतली, म्हणजे राग नसावा.

आणि नवा पासवर्ड चार शब्दांचा. कालनिर्णयवर लिहायचा नाही, अशी बाईंची ताकीद. बाई मला म्हणाल्यासुद्धा, 'आता कोनाले कळत नाई पाहा.' मी म्हटलं, बरं झालं बाई. पण काल रात्री गुरुजी टाकत होते ना... सवय कुठं जाते? पहिले तीन शब्द तर स्पष्ट ऐकू आले. चौथ्याच्या वेळी मेला आमचा मिक्सर लागला. तुमच्या खिडकीत काही आलं का हो ऐकू?