गुडघ्याला बाशिंग

एमआरआयची फिल्म घरी आली की घरातला प्रत्येक जण रेडिओलॉजिस्ट होतो. ती ट्यूबलाइटसमोर धरली जाते, आजोबा चष्मा सरसावतात आणि एखाद्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवून 'हे बघा, इथंच आहे' असं कोणीतरी ठासून सांगतं. बोटाखाली बहुधा साधी चरबी असते.

गंमत अशी, की या फिल्मवर धडधाकट लिगामेंटच काळं दिसतं. एमआरआयचं सगळं लक्ष शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनकडे. घट्ट विणीच्या लिगामेंटमधून त्याला फारसं उत्तर मिळत नाही. ते तुटलं, सुजलं, त्यात पाणी शिरलं, की तो भाग उजळतो. म्हणजे एरवी आपण उजेड पडायची वाट बघतो. गुडघ्यात मात्र उजेड पडला की भानगड समजायची.

तरी यंत्राला मानलंच पाहिजे. चढाईला गेलेला कबड्डीपटू पाय रोवून गर्रकन वळतो, आत 'कट्' होतं आणि गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटतं. गडी म्हणतो, 'जरा मुरगळला.' एक्स-रेही बहुधा त्याचीच री ओढतो, कारण लिगामेंट त्यात दिसतच नाही. एमआरआयमध्ये मात्र तुटलेलं लिगामेंट दिसतंच, शिवाय मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवर आदळल्याचा मुका मारही दिसतो.

अडचण एवढीच, की त्याला सगळंच दिसतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी पन्नाशीपुढच्या लोकांचे गुडघे असे तपासले गेले. 2008 साली निष्कर्ष छापून आले: ज्यांच्या मेनिस्कसची गादी फाटलेली होती, त्यांतल्या 61 टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिनाभरात दुखलाही नव्हता, आखडलाही नव्हता. बिचारे सुखानं जिने चढत होते.

आपल्याकडे मात्र गुडघा जरा कुरकुरला, की लोक त्याला बाशिंग बांधूनच स्कॅन सेंटर गाठतात. मंगळसूत्र, जोडवी, किल्ल्या, एटीएम कार्ड बाहेर ठेवायचं आणि पृथ्वीच्या सुमारे तीस हजार पट ताकदीच्या चुंबकात, दीड टेस्लाच्या यंत्रात, ठोकाठोक ऐकत निपचित पडायचं. नेमकी तेव्हाच पोटरीला खाज सुटते. एवढं सोसून हाती येणाऱ्या रिपोर्टच्या तळाशी बऱ्याचदा लिहिलेलं असतं: रुग्णाच्या तपासणीशी पडताळून पाहावे.

ती तपासणी म्हणजे लॅकमन टेस्ट आणि तिची भावंडं. डॉक्टर गुडघा किंचित वाकवतात, एका हातानं मांडी धरतात, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढतात. ती नको तितकी पुढे सरकली, की एसीएलचा संशय पक्का होतो.

पाय मुरगळून गुडघा काही तासांत टम्म फुगला, चालताना दगा देऊ लागला, तर एमआरआयला खळखळ करू नका. पण डॉक्टरांकडे जाताना फाइलीबरोबर गुडघ्याच्या वर सरकेल असा पायजमा घालून जा. तंग जीन्सवरून लॅकमन टेस्ट होत नाही.